सात नंबरच्या नावावर

त्या कारखान्यात बोल्ट बनत. एका टोकाला तारेची वेटोळी यायची आणि दुसऱ्या टोकाने खोकी भरून बोल्ट बाहेर पडायचे. मध्ये बारा यंत्रं. प्रत्येक यंत्र तार ओढायचं, तुकडा तोडायचं आणि डाय नावाच्या पोलादी साच्यात घालून त्याला असा ठोसा हाणायचं की तुकड्याला डोकं यायचं. माणसाला असा ठोसा बसला तर असलेलं डोकं जातं, बोल्टाचं उलटं आहे, असं तिथले लोक प्रत्येक नव्या माणसाला सांगत आणि प्रत्येक वेळी तितकंच हसत.

या बारांत सात नंबरचं यंत्र सगळ्यात म्हातारं, आणि ब्रेकडाउनचं रजिस्टर उघडलं तर सगळ्यात रोगटही. चौदा वर्षांत जितक्या डाय फुटल्या, जितक्या वेळा तार अडकली, जितका माल भंगारात गेला, त्यातला जवळजवळ निम्मा एकट्या सातच्या नावावर. वाचणाऱ्याला वाटावं, हे यंत्र अजून उभं तरी कसं. आणि आत काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं की त्या छपराखाली सातइतकं गुणी यंत्र दुसरं नव्हतं.

हे रजिस्टर लिहीत मास्तर. मास्तरांनी जन्मात कुठल्या शाळेत शिकवलेलं नव्हतं. अक्षर मोत्यासारखं, ओळी सरळ, आणि दुसऱ्याने एखादी नोंद केली तर ती खोडून पुन्हा लिहायची खोड, म्हणून हे नाव पडलं. लग्न झालं तेव्हा मास्तर बेकार होते. बायकोच्या थोरल्या भावाने, म्हणजे दादांनी, साहेबांकडे शब्द टाकला आणि त्यांना इथे चिकटवलं. दादा सात नंबर चालवत. यंत्र आणि माणूस बरोबरच म्हातारे होत चाललेले. कारखान्यात ते मेहुण्याला 'अरे मास्तर' म्हणत आणि घरी, बहिणीच्या देखत, 'अहो मास्तर'. हा फरक त्यांनी कधी चुकवला नाही.

सात बदनाम कसं झालं, ते सांगायला हवं. जुन्या साहेबांचा नियम असा होता की वर्षात एकाच्या हातून तीन डाय फुटल्या तर चौथीची वाट पाहायची नाही, माणूस घरी. डाय महाग, आणि साहेब शिस्तीचे. तीन नंबरवर तेव्हा एक नवा ऑपरेटर होता. त्याला नुकतीच जुळी झाली होती, घरी झोप नावाची वस्तू उरली नव्हती. एका सकाळी त्याने वेटोळ्यावरची चिठ्ठी न वाचताच जाड तार चढवली. डाय फुटली. ती त्याची तिसरी. तो यंत्राशेजारी उकिडवा बसला आणि मोठा बाप्या भोकाड पसरून रडायला लागला. मास्तर रजिस्टर घेऊन उभे. लिहायचं तर होतंच.

दादा हात पुसत आले. "काय लिहितोयस?"

"जे झालं ते. तीन नंबर, डाय फुटली."

"सातच्या नावावर लिही."

"असं कसं? यंत्र वेगळं, माणूस वेगळा..."

"अरे मास्तर, सात नंबर साहेबांच्या वडिलांनी आणलेलं. त्याला नावं ठेवलेली साहेबांना खपत नाहीत. सातची डाय फुटली म्हटलं की म्हणतात, म्हातारं झालंय, चालायचंच. माझी म्हातारी घेईल पाठीवर. रुंद आहे तिची पाठ."

मास्तरांनी लिहिलं. तीन नंबर चाळीस मिनिटं बंद होतं, ती चाळीस मिनिटं सातच्या रकान्यात गेली. मग तीनचा माल कमी दिसायला नको, म्हणून सातचे दोन खोकी बोल्ट तीनच्या नावावर चढवले. त्या दिवशी दादांचा माल कमी भरला. दादांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

एकदा वाट पडली की लोक चालायला लागतात. पुढे रिवाजच झाला; आलेगेलेले धरून चौदा वर्षांत चाळीसेक माणसं त्या वाटेने गेली. ज्याच्या हातून चूक व्हायची तो मास्तरांकडे यायचा आणि मान खाली घालून विचारायचा, "सातकडे जागा आहे का?" याला नियमही होते, म्हणजे दादांचे. पिऊन आलेल्याला माफी नाही. यंत्र सोडून गप्पा ठोकणाऱ्याला नाही. पण थकला, चुकला, घरात कुणी आजारी आहे, लक्ष नव्हतं, त्याला सात पोटात घेणार. मास्तरांनी मग त्यात कसब आणलं. सगळ्या नोंदी एकाच छापाच्या करून चालणार नव्हतं. कधी स्प्रिंग सैल पडे, कधी तेल पोचत नसे, कधी ठोसा अर्धा बसे. सात नंबरला काय काय होऊ शकतं, याचा मास्तरांइतका विचार दादांनीही केला नसेल. एखादी नोंद फार झकास जमली की ते ती दादांना वाचून दाखवत, आणि दादा पोट धरून हसत. "अरे, ही बया अजून जिवंत कशी?" खरं सांगायचं तर मास्तरांना यात मजा येऊ लागली होती. दोन-तीन वेळा चुकीची चिठ्ठी त्यांनी स्वतःच चिकटवली होती. तीही त्यांनी सातच्या पदरात घातली, दादांना न विचारता.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे संन्यासी राजी होता आणि फाशी कागदावर होती. म्हणून चौदा वर्षं कुणाचं काही बिघडलं नाही.

मग जुने साहेब गेले, कारखाना विकला गेला आणि नवे साहेब आले. सात कुणाच्या वडिलांनी आणलं याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. ते ओरडत नसत, नावानिशी चौकशी करत आणि प्रत्येक गोष्टीवर "याचा डेटा आहे का?" असं विचारत. पहिल्याच महिन्यात बाराही यंत्रांच्या अंगावर साबणाच्या वडीएवढ्या डब्या चिकटल्या. यंत्र किती थरथरतं, किती तापतं, किती वेळ थांबतं, हे त्या डब्या क्षणाक्षणाला कळवणार. भिंतीवर मोठा पडदा लागला. पाठोपाठ एक तरुण मुलगी आली. चष्मा, पाठीवर पिशवी, पायात लोकांनी हसावं असे जाडजूड सुरक्षेचे बूट. तिचं काम या सगळ्या आकड्यांतून अर्थ काढायचं. लोकांनी तिला त्याच दिवशी 'आकडेवाली' करून टाकलं.

आकडेवाली वाईट नव्हती, हे आधीच सांगतो, नाहीतर तुम्ही उगाच तिच्या नावाने बोटं मोडाल. ती मास्तरांच्या टेबलाशी येऊन बसली. कपाटातली बेचाळीस रजिस्टरं एकेक करून काढली, पानं उलटत राहिली, आणि तिचे डोळे मोठे होत गेले.

"काका, हे सगळं तुम्ही लिहिलंय?"

"मग आणखी कोण?"

"मी सहा कारखाने पाहिलेत. लोक अर्धे रकाने रिकामे ठेवतात. कारण काय, तर 'बंद पडलं'. तुमच्याकडे वेळ आहे, कारण आहे, उपाय आहे. चौदा वर्षांत एक रकाना रिकामा नाही. इतका स्वच्छ डेटा मला आजवर कुठे मिळाला नाही."

मास्तर अठ्ठावन्न वर्षांचे होते. चांगल्या अक्षराबद्दल त्यांचं कौतुक झालं होतं, कामाबद्दल कुणीच केलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

तीन आठवडे ती त्यांच्याजवळ बसली. पानांचे फोटो काढी, खुणा विचारी, मध्येच काय चाललंय ते समजावून सांगे. "नव्या माणसाला तुम्ही कसं शिकवता? मागे काय काय झालं ते सांगता ना? तसं मी संगणकाला तुमची रजिस्टरं शिकवणार. मग कुठलं यंत्र कधी आजारी पडेल, ते तो आधीच ओळखेल. डाय फुटायच्या आधीच बदलता येईल. कुणाला बोलणी खावी लागणार नाहीत."

"आणि रजिस्टरातच चूक असली तर?" मास्तरांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"तर ती चूकही तो मन लावून शिकेल," ती हसली. मग थोडी गंभीर झाली. "नाहीये ना, काका? मागाहून अंदाजाने भरलेलं, इकडचं तिकडे लिहिलेलं? असेल तर आत्ताच सांगा. मी कुणाला सांगणार नाही. तेवढा भाग बाजूला काढीन."

आता खरं तर हीच वेळ होती. मुलगी समोर बसली होती, आजूबाजूला कोणी नव्हतं, आणि ती स्वतः वाट काढून देत होती. मास्तरांच्या मनात आलंही. पण खरं सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की ज्याला तू सगळ्यात स्वच्छ म्हणालीस त्यात निम्म्या थापा आहेत? मास्तरांनी पुढे स्वतःची पुष्कळ समजूत घातली की आपण चाळीस माणसांना वाचवण्यासाठी गप्प राहिलो. ते खोटं आहे. त्या घटकेला त्यांच्या डोळ्यांसमोर एकही माणूस नव्हता. होतं ते त्या मुलीच्या चेहऱ्यावरचं कौतुक, आणि ते जाईल ही भीती.

"एकेक अक्षर खरं आहे," मास्तर म्हणाले.

महिनाभराने ती पुन्हा आली. या वेळी कपाळाला आठी होती. "काका, एक कोडं पडलंय. सातवरची डबी म्हणते यंत्र एकदम ठणठणीत. ना थरथर, ना ताप. बारांत सगळ्यात शांत तेच. आणि तुमचं रजिस्टर म्हणतं की चौदा वर्षं हे यंत्र रोज मरतंय. दोघांपैकी एक चुकतंय."

डब्या लागल्यापासून सातच्या नावावर काही लिहायची कुणाची छाती नव्हती, हे उघडच आहे. हा दुसरा दरवाजा होता, तोही सताड उघडा. त्यांनी तोही आपल्या हाताने लावून घेतला.

"मध्यंतरी दादांनी त्याची मोठी दुरुस्ती केली," ते म्हणाले. "तात्पुरती आहे. म्हाताऱ्या यंत्राचं असंच असतं. चार दिवस बरं, मग पुन्हा आहेच."

आकडेवालीने मान डोलावली. तिचा जन्म आकड्यांत गेला होता, पण विश्वास ठेवायची वेळ आली तेव्हा तिने डबीपेक्षा माणसावर ठेवला. हे आठवलं की मास्तरांना आजही जेवण जात नाही. "दोन महिन्यांचा डेटा म्हणजे काहीच नाही," ती म्हणाली. "तुमची चौदा वर्षं आहेत. मी त्यांनाच जास्त वजन देते."

तिसऱ्या महिन्यात सगळ्यांना पडद्यासमोर बोलावलं. नवे साहेब, आकडेवाली, बाराही ऑपरेटर, आणि सुपरवायझर. हा सुपरवायझर म्हणजेच तो जुळ्यांचा बाप. सातने पोटात घेतलेला पहिला माणूस, आता पांढऱ्या शर्टात. मास्तर रजिस्टरांचा गठ्ठा घेऊन भिंतीशी उभे राहिले, पुरावा म्हणून. पडद्यावर बारा पट्टे उमटले. अकरा बोटभर, आणि सातचा लालभडक, थेट कडेपर्यंत.

साहेब शांतपणे बोलत होते, आणि तेच वाईट होतं. संगणकाच्या मते सात काढून टाकलं तर कारखान्यातले थांबे जवळपास निम्मे होतील. यंत्र भंगारात. मग दादांकडे वळले. "तुमच्याविषयी मला आदर आहे. पण हे बघा, चौदा वर्षं सातत्याने माल कमी, डाय सगळ्यात जास्त. नव्या यंत्रावर मी तुम्हाला कुठल्या तोंडाने बसवू? काही सांगायचंय तुम्हाला? मोकळेपणाने सांगा."

दादांना निवृत्तीला दोन वर्षं होती. त्यांनी त्या लाल पट्ट्याकडे पाहिलं. मग मान वळवून, गर्दीतून, मास्तरांकडे पाहिलं. रागाने नाही. बोलू का, असं विचारावं तसं पाहिलं. मास्तरांच्या छातीशी रजिस्टरांचा गठ्ठा होता आणि त्यांनी नजर त्यातच खुपसली. सुपरवायझर छताकडे बघत होता. उरलेले अकरा मूग गिळून बसले. त्यातल्या एकालाही दोष द्यायचा मास्तरांना अधिकार नाही, कारण लिहिणारा हात त्यांचा होता.

दादा पुन्हा साहेबांकडे वळले. "काय सांगणार, साहेब? यंत्र म्हातारं झालंय. मीही."

एवढंच. एका वाक्यात त्या माणसाने चाळीस जणांची झाकली मूठ झाकलीच ठेवली.

घरी बायकोला आधीच कळलं होतं, वहिनींचा फोन आला होता. ती कांदा चिरत होती, तशीच चिरत राहिली. "काय हो, खरं आहे का? दादाला घरी बसवलं?"

"संगणकाने ठरवलं," मास्तर म्हणाले. कारखान्यात त्या दिवशी जो तो हेच म्हणत होता. किती सोयीचं वाक्य. त्यात कोणी माणूसच नाही.

"संगणकाला काय माहीत दादा कसा काम करतो?"

मास्तर शर्टाची बटणं काढू लागले.

"त्याला कुणीतरी सांगितलं असेल ना? की तो आपल्या मनाने शिकला? तुम्ही तिथे होता ना? मग बोलला नाहीत? दादाने तुम्हाला नोकरीला लावलं, अहो. तुमच्याजवळ तेव्हा लग्नातला एक शर्ट होता." तिने सुरी खाली ठेवली. डोळ्यांत पाणी होतं आणि तिने ते कांद्यावर ढकललं नाही. "जेवून घ्या. मला भूक नाही."

सात नंबर कापायला दोन दिवस लागले. कापणारे बाहेरचे होते. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने आतला मोठा दांडा काढला, अंगठा फिरवून पाहिला आणि जाता जाता विचारलं, "हे का काढताय? अजून वीस वर्षं गेलं असतं." मास्तर तेव्हा कपाट लावत होते. कपाट लावलेलंच होतं.

आणि मग जे व्हायचं ते झालं. सात गेलं, तरी थांबे निम्मे झाले नाहीत. कसे होतील? डाय फुटायच्या तितक्याच फुटत राहिल्या. तीनवर फुटल्या, नऊवर फुटल्या, आणि फुटायच्या आदल्या क्षणापर्यंत पडदा हिरवागार दाखवत होता, कारण ही यंत्रं कधी आजारी पडतच नाहीत असं त्याला शिकवलेलं. पूर्वी चुकलेल्या माणसाला जायला एक जागा होती. आता चूक झाली की सेकंदाच्या आत ती नाव-गाव-वेळेसकट पडद्यावर. नऊ नंबरवरच्या बाईला महिन्यात दोन लेखी समज मिळाल्या. ती मास्तरांच्या टेबलाशी आली, सवयीने काहीतरी विचारायला तोंड उघडलं, आणि तशीच परत गेली.

त्या दिवशी दुपारी मास्तर आकडेवालीकडे गेले. दार लावून घेतलं, उभ्यानेच सगळं सांगितलं. जाड तार, जुळी, साहेबांचे वडील, सगळं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मी दोनदा विचारलं होतं, काका."

ती ओरडली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

तिने चष्मा काढला. "चूक माझीही आहे. डबी खरं सांगत होती. मला तुमच्यावर विश्वास ठेवायचा होता, म्हणून ठेवला." मग कामाचं बोलावं तशी म्हणाली, "ठीक आहे. नोंदी अजून दुरुस्त करता येतील. तुम्ही रजिस्टरं घेऊन बसा. सातच्या ज्या नोंदी खऱ्या, त्यांच्यावर खूण करा. ज्या दुसऱ्याच्या, त्यांच्यापुढे खरा नंबर लिहा. मी त्याला पुन्हा शिकवते. निदान कागदावर तरी दादांचं नाव स्वच्छ होईल. मी स्वतः साहेबांसमोर ठेवते."

मास्तर त्या दिवशी जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरले. टेबलाशी बसले, पेन्सिलीला टोक केलं, पहिलं रजिस्टर उघडलं. पहिली नोंद सोपी होती, जुळ्यांच्या बापाची. पुढे स्वतःच्या तीन चिठ्ठ्या सापडल्या. एक-दोन फार झकास जमलेल्या आठवल्या. आणि त्यानंतर पेन्सिल थांबली.

'स्प्रिंग सैल. पंचवीस मिनिटं.' ही खरी, की कुणाची? 'तेल पोचलं नाही.' हे झालं होतं का कधी? सुबक, एकसारखं अक्षर. खऱ्या ओळीतही तेच, खोट्या ओळीतही तेच. त्यांनी खोटं इतकं मन लावून लिहिलं होतं की आता त्यांनाच ते ओळखू येईना. वेगळी खूण करून ठेवावी, एखादा ठिपका द्यावा, असं चौदा वर्षांत एकदाही सुचलं नाही. खरं आपल्याला आठवेलच, असं गृहीत धरलं होतं. ते दुसरीकडे कुठे लिहिलेलंही नव्हतं. बाकीच्यांना विचारायला गेले, तर कुणाला दोन आठवल्या, कुणाला एकही नाही. आपली चूक कोण जपून ठेवतो? सुपरवायझर म्हणाला, "जाऊ द्या ना, मास्तर. आता उकरून काय मिळणार?"

आठवडाभर बसून एकोणीस नोंदींवर खुणा झाल्या. बेचाळीस रजिस्टरांत एकोणीस. आकडेवालीने त्या मोजल्या आणि साहेबांना कळवलं की जुन्या नोंदी भरवशाच्या नाहीत, यापुढे फक्त डब्यांवर चालावं. साहेबांनी मान्य केलं. दादांचं काय, असं तिने विचारलं तेव्हा ते म्हणाले, यंत्र तर वितळून गेलं, आणि रजिस्टर खोटं निघालं म्हणजे त्याच्या उलट जे ते खरं, असं थोडंच आहे? त्यांचंही चूक म्हणता येत नाही. बेचाळीस रजिस्टरं मास्तरांनी स्वतः भंगाराच्या गाडीत टाकली.

त्या रविवारी सकाळी ते दादांकडे एकटेच गेले. वाटेत त्यांनी मनाशी पक्कं ठरवलं होतं की आता काहीही झालं तरी खोटं बोलायचं नाही, दादांशी तर नाहीच. दार वहिनींनी उघडलं. दादा आतल्या खोलीत खिडकीची कडी बसवत होते. वहिनी हळूच म्हणाल्या, "बरं झालं आलात. हल्ली काय झालंय कुणास ठाऊक. साधा स्क्रू फिरवला तरी मला हाक मारतात, नीट बसलाय का गं, बघ. मला काय कळतं त्यातलं? आधी कधी असं नव्हतं."

दादा बाहेर आले. वाळले होते. मास्तरांनी मनात मांडून ठेवलेलं सगळं बोलून टाकलं. आकडेवालीला खरं सांगितलं ते, उशीर झाला ते, आणि माफी. दादांनी हात हलवला. "सोड रे. मीच म्हटलं होतं ना, सातच्या नावावर लिही. तुझं एकट्याचं थोडंच आहे? त्या पोराचा संसार वाचला. वाईट केलं असं मला अजूनही वाटत नाही."

मग ते खालच्या आवाजात बोलू लागले. वहिनींना ऐकू जायला नको असावं.

"एक विचारू का? त्या पडद्यावर तो लाल पट्टा होता बघ. त्यातला माझा किती? म्हणजे खरा माझा. आधी वाटायचं, फार नसेल. रोज बसून आठवायचा प्रयत्न करतो. आता वाटतं, असेलही. इतकी वर्षं सगळे थांबे दुसऱ्यांचेच म्हणून हसत राहिलो, त्यात माझेही बरेच असतील. हात आपले आपल्याला दिसत नाहीत. तुला माहीत असेल. तू लिहायचास."

मास्तरांना माहीत नव्हतं. जगात कुणालाच माहीत नव्हतं. वाटेत केलेला निश्चय त्यांना आठवला. मग त्यांनी दादांच्या हातांकडे पाहिलं. पेचकस अजून हातातच होता.

"अकरा," मास्तर म्हणाले.

"अकरा? चौदा वर्षांत?"

"अकरा. मी परवा मोजले."

दादांनी पेचकस खाली ठेवला. "अगं, ऐकलंस का? अकराच होते!" ते आत ओरडले, आणि आतून वहिनी म्हणाल्या, "मी म्हणत नव्हते?" दादा खुर्ची ओढून अगदी जवळ येऊन बसले. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा उजळला होता. "कुठले कुठले रे? सांग की."

मास्तरांनी सांगायला सुरुवात केली. पहिला अमक्या वर्षी, स्प्रिंग सैल पडली होती, पंचवीस मिनिटं. दुसरा, तेल पोचलं नाही. तिसरा. चौथा. एकेक करत अकराही सांगितले, कारण, वेळ, उपाय, कुठे अडखळले नाहीत. दादा मान डोलावत होते, मध्येच "हो हो, त्या दिवशी फार उकडत होतं" असं म्हणत होते, आणि त्यांना त्यातला एकेक आठवत गेला.